घरच्या मांगरात लाकडाचा लेथ बसवायचाय? मग पैसे कुठे घालायचे ते आधी बघा

लाकडाचा लेथ घ्यायचाय म्हणून कोणी विचारायला आलं की पहिला प्रश्न ठरलेला, केवढ्याला पडतो, आणि दुसरा, किती मोठं लाकूड बसतं. प्रश्न बरोबरच आहेत, पण तेवढ्यावरून मशीन ठरवलं की होतं काय, सगळे पैसे मशीनमध्ये जातात, मशीन घरी येतं, आणि मग कळतं की लाकूड धरायला चक नाही, पटाश्यांना धार नाही, धार लावायला ग्राइंडर नाही, की मग ते मशीन मांगरात ताडपत्रीखाली पडून राहतं आणि त्याच्यावर नारळ ठेवले जातात. माझं सरळ मत आहे, हातात जेवढे पैसे असतील त्यातले निम्मेच मशीनला द्यायचे. उरलेले निम्मे चक, हत्यारं, धारेची सोय आणि तोंडावरची शिल्ड यांना. निम्म्यात मशीन छोटं येत असेल तर छोटं घ्यायचं, काही बिघडत नाही.

आधी एक गोष्ट साफ करून टाकू. दुकानात नुसतं 'लेथ मशीन' म्हटलंत तर तुम्हाला लोखंड कातायचा लेथ दाखवतील, राजकोट, बटाला, लुधियानाकडे बनतो तो. त्यात हत्यार मशीनच्या कॅरेजवर घट्ट बसवलेलं असतं आणि चाकं फिरवून ते पुढेमागे न्यायचं. लाकडाच्या लेथला तसलं काही नसतं, हत्यार तुमच्या हातात आणि टेकायला फक्त एक आडवी पट्टी, टूल रेस्ट. डावीकडे हेडस्टॉक, म्हणजे मोटरवर फिरणारं डोकं, उजवीकडे टेलस्टॉक, म्हणजे दुसऱ्या टोकाला दाबून धरणारा भाग, आणि दोघांना जोडणारा बेड. एवढंच मशीन. बाकी सगळं हातात आणि धारेत.

आता काम दोन प्रकारचं असतं आणि त्यावरून बरंच काही ठरतं. लाटणं, रवी, मुसळ, पाळण्याचे दांडे, माडीच्या कठड्याचे कातीव दांडे, यात लाकडाचा रेषा, म्हणजे आतला तंतू, लेथच्या लांबीला समांतर असतो आणि लाकूड दोन्ही टोकांना धरलेलं असतं. हे स्पिंडलचं काम. दुसरं वाडगे, परड्या, ताटल्या, म्हणजे बाउलचं काम, यात रेषा आडवा असतो, लाकूड एकाच बाजूने धरलेलं असतं आणि प्रत्येक फेऱ्यात हत्यारासमोर दोनदा रेषेची टोकं येतात, त्यामुळे झटके जास्त. आपल्याला मुख्य काय करायचंय ते आधी ठरवा, कारण स्पिंडलला लांबी लागते आणि बाउलला वजन आणि कमी स्पीड लागतो.

मशीनवर लिहिलेलं असतं १२ बाय १८, म्हणजे १२ इंच व्यासाचं लाकूड बेडला न घासता फिरेल आणि दोन सेंटरच्या, म्हणजे दोन्ही टोकांच्या अणींच्या, मध्ये १८ इंच लांबीचं बसेल. यातल्या १२ इंचाला स्विंग म्हणतात. इथे एक गोची आहे, ब्रिटिश पद्धतीच्या कॅटलॉगमध्ये कधी कधी स्विंगऐवजी बेडपासून सेंटरची उंची देतात, तीच मशीन तिथे ६ इंचाची होते, तेव्हा नुसता आकडा बघून स्वस्त-महाग ठरवू नका. आणि हे १२ इंच फक्त बेडच्या वर मोजलेले असतात, टूल रेस्टचा खालचा पाय लाकडाखालून सरकवायचा असेल तर त्यातले काही इंच गेलेच समजा. घरगुती कामाला १२ बाय १८ भरपूर झाला. लाटणं १२-१४ इंचाचं, पाटाचे पाय त्याहून छोटे, बाउल ८-१० इंचाचा. कठड्याचे अडीच-तीन फुटी दांडे करायचे असतील तर ज्याला नंतर बेडचं एक्स्टेन्शन जोडता येतं असं मॉडेल घ्या, लगेच लांबलचक मशीन आणायची गरज नाही.

वजनाबद्दल मात्र मी हट्टी आहे. फणसाचा ओला ठोकळा घ्या, १० इंच व्यास, ४ इंच जाड, साधारण ५ किलो भरतो. तो कधीच सगळीकडून सारखा नसतो, एका बाजूला साल, एका बाजूला गाठ, एका बाजूला पाणी जास्त. असा ठोकळा मिनिटाला सहाशे फेरे घ्यायला लागला की हलक्या पत्र्याचं स्टँड अक्षरशः चालायला लागतं. म्हणून बेड बिडाचा बघा, म्हणजे कास्ट आयर्नचा. टेबलावर ठेवायचे चांगले छोटे लेथसुद्धा ४०-५० किलोपर्यंत जातात आणि ते वजन तुमच्या फायद्याचंच असतं. आता कोणी म्हणेल आमची वाडी पाखाडीच्या खाली आहे, दीड-दोनशे किलोचं मशीन पायऱ्यांवरून उतरवणार कोण, तर तेही खरं आहे, म्हणून मी सांगतो मशीन मध्यम घ्या आणि वजन जागेवर तयार करा. चिऱ्यांचं बांधकाम करून वर जाड फळी टाका, किंवा स्टँडच्या खालच्या कप्प्यात वाळू भरा. वाळू नदीची घ्या. समुद्राची अजिबात नको, तिच्यात मीठ असतं, ते ओल ओढतं आणि स्टँड आतून खाऊन टाकतं, बाहेरून रंग चकाचक दिसत राहतो.

उंचीचं पण सांगतो, स्पिंडलचा, म्हणजे हेडस्टॉकमधल्या फिरणाऱ्या दांड्याचा, मध्य साधारण तुमच्या कोपराच्या उंचीला यायला हवा. खूप खाली असला की कंबर धरते.

स्पीड. हा सगळ्यात महत्त्वाचा आकडा आणि दुकानदार नेमका वरचा स्पीड सांगून भाव खातो, साहेब तीन हजार आरपीएम आहे, म्हणजे मिनिटाला तीन हजार फेरे. तुम्ही विचारा, कमीत कमी किती. बाउल करायचा असेल तर कमीत कमी स्पीड ५०० च्या खाली हवा, अडीचशेच्या आसपास मिळाला तर फारच छान. अंदाज बांधायला जुना हिशोब आहे, लाकडाचा व्यास इंचात गुणिले आरपीएम, उत्तर ६००० ते ९००० च्या मध्ये ठेवायचं. म्हणजे १० इंचाला ६०० ते ९००, दीड इंचाच्या लाटण्याला मात्र ४००० ते ६००० पर्यंत गणित जातं, तिथे अडीच हजारात काम आरामात होतं. हा हिशोब लाकूड गोल झाल्यानंतरचा आहे हं, खडबडीत ठोकळा सुरुवातीला त्याच्याही खाली फिरवायचा. का ते बघा, १० इंचाचा बाउल ९०० वर फिरतो तेव्हा त्याची कड ताशी ४३ किलोमीटरच्या वेगाने जात असते, आणि तोच कोणी चुकून ३००० वर सोडला तर ताशी १४० च्या वर. त्या वेगात ५ किलोचा फणस सुटला तर तो मांगराची कौलं फोडून जाईल, मध्ये तुमचं तोंड नसलं म्हणजे मिळवली. म्हणून स्विच दाबताना लाकडाच्या सरळ रेषेत उभं राहायचं नाही, बाजूला राहायचं, आणि दाबायच्या आधी लाकूड हाताने एक फेरा फिरवून कुठे घासत नाही ना ते बघायचं.

स्पीड बदलायचे प्रकार दोन. पट्टा एका पुलीवरून दुसऱ्या पुलीवर टाकायचा, किंवा इलेक्ट्रॉनिक नॉब. साधी एसी मोटर आपल्याकडच्या ५० हर्ट्झवर साधारण १४४० फेरे घेते, मोटरवर २ इंची पुली आणि स्पिंडलवर ४ इंची असेल तर ७२० मिळतात, ५ इंची असेल तर ५७६. गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून लेथ बनवून घेणारे इथेच घोळ घालतात, मोटरवर आणि स्पिंडलवर पुल्या सारख्याच मापाच्या लावतात, आणि मग प्रत्येक लाकूड १४४० वरच.

ज्यांना नॉबवाला आराम हवाय आणि घरी फक्त सिंगल फेज आहे त्यांच्यासाठी व्हीएफडी हा चांगला मार्ग आहे. हा डबा २३० व्होल्ट सिंगल फेज आत घेतो आणि २३० व्होल्टचा थ्री फेज बाहेर देतो, त्यावर छोटी थ्री फेज मोटर चालते आणि स्पीड हवा तसा फिरवता येतो. फक्त आपल्याकडच्या छोट्या मोटरी बहुतेक ४१५ व्होल्टसाठी स्टारमध्ये जोडलेल्या असतात, त्या डेल्टामध्ये बदलून घ्याव्या लागतात, वाइंडिंगवाल्याला सांगा, त्याला कळतं. आणि व्हीएफडी लावला तरी पुल्या काढू नका, कारण नुसता डब्यावर स्पीड फार खाली आणला तर मोटरची ताकदही तेवढी उतरते आणि तिचा पंखा हळू फिरल्यामुळे ती तापते. मोटर १ एचपी म्हणजे ७४६ वॅट, १० इंची बाउलपर्यंत पुरते. अर्ध्या एचपीवर लाटणी आणि भोवरे होतात, बाउलला ती रडते.

कोकणात यात एक भर घालायची, वीज. मे महिन्यातले वळीव आणि ऑक्टोबरातल्या गडगडाटात इलेक्ट्रॉनिक कार्डं उडतात, टीव्हीची उडतात तशी लेथचीही. काम झालं की स्विच बंद करून थांबू नका, प्लग काढा. आणि विकत घेताना विचारा की ते कंट्रोल कार्ड इथे मिळतं का, नाहीतर मशीन धडधाकट आणि कार्डासाठी सहा महिने वाट बघणं.

आता ज्याकडे कोणी बघत नाही ते, स्पिंडलचे आटे. हेडस्टॉकच्या टोकावर जे आटे असतात त्यावर चक चढतो, आणि यात सगळ्या मशीनचे आटे एक नसतात. १ इंच ८ टीपीआय, म्हणजे इंचाला आठ आटे, हा खूप चालणारा, युरोपियन पद्धतीत एम३३ बाय ३.५, स्वस्तातल्या काही मशीनवर एम१८ किंवा पाऊण इंच १६ टीपीआय. पहिल्या दोघांपैकी काही असेल तर चक, फेसप्लेट (लाकूड स्क्रूने बसवायची लोखंडी तबकडी) सगळं सहज मिळतं. भलताच आटा असेल तर अडॅप्टर लावावा लागतो, आणि अडॅप्टरमुळे चक बेअरिंगपासून लांब जातो, थरथर वाढते. तसंच आतल्या भोकाचा उतार एमटी२ आहे का बघा, मोर्स टेपर नंबर दोन, दोन्हीकडे, हेडस्टॉकला पण आणि टेलस्टॉकला पण. एमटी२ असला की फिरणारं सेंटर, ड्रिल चक, सगळं लोखंडाच्या लेथवाल्या दुकानातूनसुद्धा मिळून जातं. मशीन बघायला जाल तेव्हा दोन्ही टोकांना सेंटर लावून टेलस्टॉक पुढे सरकवा, दोघांची अणी समोरासमोर टेकली पाहिजे. एक मिलिमीटरसुद्धा वर-खाली असेल तर ते मशीन तिथेच सोडून या, भाव कितीही पाडला तरी.

चक घ्यायचा तो चार जबड्यांचा, किल्लीने चारही जबडे एकदम उघडणारा-मिटणारा, स्क्रोल चक. बाउलच्या बुडाला साधारण ५० मिलिमीटरचा टेनन काढायचा, म्हणजे छोटं गोल खुंट, आणि तो जबड्यात धरायचा. टेननची खालची टोकं जबड्याच्या तळाला टेकवायची नाहीत, त्याचा खांदा जबड्याच्या वरच्या तोंडावर बसला पाहिजे, तर पकड घट्ट येते. हे जरा बारीक वाटेल पण बाउल उडतात ते बऱ्याचदा यामुळेच. चक लगेच परवडत नसेल तर फेसप्लेट आणि चांगले जाड स्क्रू, त्यावरही उत्तम काम होतं, जिप्समचे काळे स्क्रू तेवढे वापरू नका, ते कडकन तुटतात.

हत्यारांचा सेट घेऊ नका. आठ नगांचा लाकडी पेटीतला सेट दिसायला सुंदर असतो, त्यातली चार कायम नवीनच राहतात. पोलाद बघा. जुनं कार्बन स्टील ग्राइंडरवर निळं पडलं की तिथलं पाणी गेलं, धार टिकत नाही. हायस्पीड स्टील, एचएसएस, सहाशे अंशांच्या आसपास तापलं तरी कडकपणा सोडत नाही, म्हणून नवशिक्याने एचएसएसच घ्यावं कारण नवशिक्या ग्राइंडरवर हत्यार तापवणारच. गाउज म्हणजे खोलगट तोंडाची पटाशी. स्पिंडलसाठी एक रफिंग गाउज पाऊण इंची, एक स्पिंडल गाउज १० मिलिमीटरची, एक पार्टिंग टूल ३ मिलिमीटरचं. बाउलसाठी एक बाउल गाउज आणि एक गोल तोंडाचा जाड स्क्रेपर. एवढ्यावर वर्षभर निघतं. स्क्यू, म्हणजे तिरक्या तोंडाची पटाशी, नंतर घ्या, तो शिकायला वेळ खातो पण त्याने कापलेल्या लाटण्याला सँडपेपर दाखवावा लागत नाही. बाउल गाउज घेताना माप विचारा, इंग्लंडमध्ये खाचेचं माप सांगतात आणि अमेरिकेत दांड्याचं, त्यामुळे एकाची ३/८ ती दुसऱ्याची १/२ असते, ऑनलाइन घेताना हमखास चुकीची येते.

आणि हे ठळक अक्षरात वाचा, रफिंग गाउज बाउलवर लावायची नाही. दिसायला ती सगळ्यात दणकट असते, पण मुठीत जाणारा तिचा शेपटा पातळ पट्टीचा असतो, आडव्या रेषेत रुतली की तिथे तुटते आणि तुटलेला तुकडा तुमच्याकडेच येतो.

कार्बाइडवाली हत्यारं हल्ली खूप दिसतात, टोकाला छोटी गोल किंवा चौकोनी कडक चकती, बोथट झाली की स्क्रू सैल करून थोडी फिरवायची. हत्यार आडवं सपाट धरायचं आणि पुढे ढकलायचं, शिकायला अर्धा तास पुरतो. वाईट नाहीत, पण ती खरवडतात, कापत नाहीत, त्यामुळे आंब्यासारख्या लाकडात रेषे उपटले जातात आणि मग सँडपेपर घासत बसायचं. शनिवार-रविवारीच वेळ मिळतो आणि धार शिकायची नाही, असं असेल तर खुशाल घ्या. मी मात्र गाउजवाला माणूस आहे. गाउज कशी चालते तर धारेच्या मागचा जो उतार असतो, बेव्हल, तो आधी लाकडावर टेकवायचा, नुसता घासू द्यायचा, मग मूठ हळूहळू उचलायची की धार आपोआप लाकडात शिरते आणि सोनाराच्या तारेसारखी लांब वेटोळी निघायला लागतात. बेव्हल न टेकवता थेट धार लावली की हत्यार खटकन रुततं. नवशिक्याचे नव्वद टक्के झटके एवढ्या एका गोष्टीने जातात असं माझं निरीक्षण आहे.

पण हे सगळं धार असेल तर. फणस किंवा साग कातताना, सागात तर सिलिका असते, दर दहा-पंधरा मिनिटांनी धार उतरते, आणि ती दगडावर पाजवत बसायला वेळ नसतो. त्यासाठी लेथच्या बाजूला, दोन पावलांवर, ग्राइंडर कायम जोडून ठेवलेला हवा. ८ इंची, १४४० फेऱ्यांचा मिळाला तर तोच घ्या, २८०० वाला हत्यार लवकर तापवतो आणि पोलाद नाहक खातो. त्याच्याबरोबर येणारं करडं चाक काढून पांढरं अॅल्युमिनियम ऑक्साइडचं ६० किंवा ८० ग्रिटचं लावा. कोन साधारण असे, रफिंग गाउज ४५ अंश, स्पिंडल गाउज ३५ ते ४०, बाउल गाउज ५५-६०, स्क्रेपर ७५-८०. गाउजचा कोन दर वेळी तोच यावा म्हणून जिग, म्हणजे हत्यार ठरलेल्या कोनात धरणारा सांगाडा, घ्या, हाताने जमतं ते कातारी लोकांना, पिढ्यांचा हात आहे त्यांचा. सोपी खूण सांगतो, बेव्हलवर मार्करने रेघोट्या मारा आणि चाक हाताने अर्धा फेरा फिरवा, शाई वरपासून खालपर्यंत सगळी गेली तर कोन बरोबर, फक्त टाचेकडची गेली तर जिग हलवा. इतकं केलं तर धार लावायला अर्धं मिनिट पुरतं आणि मग तुम्ही ती टाळत नाही.

लाकडाच्या बाबतीत आपण श्रीमंत आहोत. शिवण हलकी, एकसारखी, शिकायला सगळ्यात चांगली. आकेशिया रस्त्याकडेला आणि गावठाणात भरपूर लावलेला, त्याचं लाकूड कातायला फार सुरेख, गडद. भेंडीच्या झाडाचं लाकूड (भाजीची भेंडी नव्हे) मिळालं तर सोडू नका. फणस कातल्यावर पिवळाधम्मक असतो आणि उजेडात काही महिन्यांत तपकिरी होतो, ओला असताना त्याचा चीक हत्याराला चिकटतो, रॉकेलचा बोळा जवळ ठेवा. सुरूचं लाकूड दिसायला सरळ पण वाळताना असं तडकतं की विचारू नका. माडाचं बाहेरून लोखंड आणि आतून भुसा, धार खातो. काजूचा आणि आंब्याचा चीक ज्यांच्या अंगाला लागतो त्यांनी त्यांचा भुसाही सांभाळावा. उभं झाड तोडायला बऱ्याचदा परवानगी लागते हे वेगळं सांगायला नको, पण वादळात पडलेल्या फांद्या आणि सॉ मिलमधले तुकडे आपल्या कामाला पुष्कळ.

आता आपल्या हवेचा मुद्दा. पावसाळ्यात हवेतच इतकी ओल असते की उघड्यावर ठेवलेल्या लाकडात १७ ते २० टक्के पाणी राहतं, थंडीत तेच १२ च्या आसपास येतं. म्हणजे ऑगस्टमध्ये केलेला पातळ बाउल जानेवारीत अंडाकृती होणारच. त्यावर उपाय, ओल्या लाकडाचा बाउल आधी जाडच ठेवायचा, भिंत व्यासाच्या एक दशांश, म्हणजे ८ इंची बाउलला २० मिलिमीटर. टोकांना मेण किंवा जुना ऑइलपेंट लावायचा, कागदी पिशवीत घालून सावलीत ठेवायचा, आणि वाळून वाकडा झाला की परत लेथवर चढवून गोल करायचा. पावसात प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलात तर बुरशी धरते.

बिडाच्या बेडलाही हीच हवा खाते, त्यात खारं वारं. काम झाल्यावर बेडवरचा भुसा झटका, ओला भुसा रात्रभर बसला तर सकाळी खाली गंजाचा ठसा असतो. मेणाचा पातळ हात मारून ठेवा, मशीन तेलापेक्षा मेण बरं, तेलाने भुसा चिकटतो आणि लाकडाला डाग पडतात. चकही अधूनमधून काढत जा, नाहीतर आट्यांवर गंजून बसतो आणि काढताना पाइप रेंच लागतो.

फिनिशचं थोडक्यात, खायच्या भांड्याला मधमाशीचं मेण किंवा शेलॅक. खोबरेल आणि कोकमाचं तेल चालतं पण ते वाळत नाही, पुन्हा पुन्हा लावावं लागतं. काजूच्या टरफलाचं तेल होडीला ठीक आहे, वाडग्याला चुकूनही नको, कातडी सोलते. सावंतवाडीसारखं लाखकाम करायचं असेल तर फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबायची, घासण्याच्या उष्णतेने ती वितळून बसते. कपड्याने पॉलिश करू नका, कपडा गुंडाळला गेला की बोट आत ओढलं जातं, कागदी टिश्यू फाटून सुटतो. हातमोजेही त्याच कारणाने नकोत. लुंगी, ओढणी, गळ्यातली माळ, अंगठी, लांब बाह्या, सगळं बाजूला. चष्मा पुरत नाही, पूर्ण तोंड झाकणारी शिल्ड घ्या, आणि सँडिंग करताना एन९५ मास्क, पडवीत वारा असला तरी.

पहिल्या आठवड्यात बाउलला हात लावू नका. शिवणीचा दोन इंची, फूटभर लांबीचा चौकोनी दांडा दोन सेंटरमध्ये धरा, गोल करा, पार्टिंग टूलने खाचा पाडा, स्पिंडल गाउजने मणी काढा, आणि सगळं कातून टाकून अंगठ्याएवढा उरेपर्यंत परत गोल करा. मग दुसरा दांडा.